ओटा पुसला की चपला पायात

पत्र

नमस्कार. मी ४१ वर्षांची आहे. कासारवडवलीला राहते, ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्सचं काम करते. घरी नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. पाडव्याच्या थोडं आधी रक्त तपासलं, साखरेचं एचबीएवनसी ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, चालायला लागा, तीन महिन्यांनी परत बघू. मग पाडव्याच्या मुहूर्तावर सुरुवात केली. पहाटे साडेपाचला उठून ४५ मिनिटं चालणं, आल्यावर १२ सूर्यनमस्कार, दिवसभरात तीन लिटर पाणी, रात्री दहानंतर मोबाइल बंद, झोपताना २० पानं वाचन. मुलाची स्कूल बस ६.५० ला येते. ते दिवस सासूबाईंनी पोळ्या लाटून दिल्या. नऊ दिवस सगळं जमलं. दहाव्या दिवशी घोडबंदर रोडला बस अडकली, घरी यायला पावणेदहा आणि झोपायला साडेबारा वाजले. सकाळी उठवलंच नाही. पुढचे दोन दिवस रडतखडत केलं, मग सगळंच बंद पडलं. १ जानेवारीला हेच झालं होतं, त्याआधी दिवाळीनंतरही. नवरा म्हणतो, "तुझं पंधरा दिवसांचं असतं." सगळे सांगतात की २१ दिवस केलं की सवय लागते, पण मी २१ पर्यंत पोचतच नाही. माझ्यात चिकाटीच नाही का?

– एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. चिकाटी नसलेल्या बाईच्या हातून दर महिनाअखेरीला ताळा जुळत नाही आणि शाळा सुरू असताना रोज ६.५० च्या आत डबा भरून होत नाही. तुमच्याकडे चिकाटी भरपूर आहे, म्हणूनच इतका न पेलणारा बेत तुम्ही नऊ दिवस ओढलात.

तो बेत ऑफिसातल्या हिशेबासारखा कागदावर मांडून बघा. साडेपाचला गजर. आवरून खाली उतरेपर्यंत पावणेसहा. ४५ मिनिटं चालून साडेसहा. १२ सूर्यनमस्कार घाई न करता घातले तर वर जाणं धरून ६.४५. बस ६.५० ची. म्हणजे सकाळच्या या वेळापत्रकात डबा बसतच नव्हता. तो सासूबाईंच्या हातांवर चालला होता. झोपेचंही तसंच. साडेअकराला आडवं होऊन साडेपाचला उठलं तर सहाच तास मिळतात, आणि मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात. रोज एक तास कमी पडत गेला. दहाव्या दिवशी बस अडकली नसती तर बाराव्या दिवशी मुलाला ताप आला असता किंवा सासूबाईंचे गुडघे दुखले असते. ज्या बेतात एकही वाईट दिवस धरलेला नाही, तो पहिल्या वाईट दिवशी मोडतो. दिवाळीनंतरचा आणि जानेवारीचा बेतही कुठल्या दिवशी मोडला ते आठवून बघा. बहुतेक असाच एखादा दिवस सापडेल.

आता ते २१ दिवस. १९६० साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहून ठेवलं होतं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगोवांगी त्यातला 'किमान' गळला, चेहराही गळला आणि आकडा तेवढा राहिला. चालण्याशी, वाचनाशी त्याचा काही संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे खरोखर मोजून पाहिलं. तो अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ जणांनी प्रत्येकी एक नवी गोष्ट रोज ठराविक प्रसंगाला जोडून १२ आठवडे केली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले आणि १२ आठवड्यांतही ज्यांची सवय पक्की झाली नाही, त्यांच्यासाठी गणिताने काढलेला अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. व्यायामाच्या सवयींना खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा साधारण दीडपट वेळ लागला. म्हणून चालण्यासाठी तुम्ही तीन महिने धरा. २१ व्या दिवशीही कंटाळा येत असेल तर काही बिघडलेलं नाही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती खास तुमच्यासाठी आहे: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या प्रक्रियेला म्हणावा असा धक्का बसला नाही.

तुम्ही पाच गोष्टी एका दिवशी सुरू केल्यात. त्या पाचही एका जातीच्या नाहीत, म्हणून आधी त्या वेगळ्या करू.

मोबाइलचं काम एकदाच करायचं आहे. चार्जर पलंगाशेजारून काढून हॉलमध्ये, टीव्हीच्या मागच्या प्लगवर लावा आणि गजरासाठी एक साधं घड्याळ आणा. बेडरूममध्ये दुसरी वायर ठेवू नका; ती असली की आठवड्याभरात फोन उशाशी परत येतो. एवढं केलं की रोज रात्री निर्धार करावा लागत नाही. तीन लिटर पाण्याचा आकडा सोडून द्या. डॉक्टरांनी तुम्हाला तो सांगितलेला नाही. ऑफिसच्या टेबलावर एक लिटरची बाटली डोळ्यांसमोर राहील अशी ठेवा, पाणी पोटात जाईल. सूर्यनमस्कार आणि वाचन चांगलंच आहे, पण ते तीन महिने बाजूला ठेवा. हे वाचताना थोडं वाईट वाटेल, कारण पाडव्याला ठरवलेलं आपण सोडतोय असं वाटतं. पण डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली होती आणि ती चालण्याची होती.

चालणं पहाटेच हवं असं कोणी सांगितलं? तुमच्या कारणासाठी तर रात्रीच्या जेवणानंतरची वेळ जास्त उपयोगाची आहे. जेवल्यावर साधारण तास-दीड तासात रक्तातली साखर सर्वांत वर जाते, आणि त्याच वेळात चाललं तर पायांचे स्नायू तिच्यातली बरीच वापरून टाकतात. दहा-पंधरा मिनिटांचाही फायदा होतो. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि तिथून मागे फिरता येतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल सांगते. ती सलग दहा मिनिटं तरी असावी ही जुनी अट २०२० च्या शिफारशींत काढून टाकली आहे. तुकड्यातुकड्यांनी चाललेलं सगळं जमेला धरलं जातं. मध्यम वेग म्हणजे चालता चालता बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही.

सवय लागण्यात सर्वांत जास्त वजन असतं ते खुणेला. खूण म्हणजे अशी एक घटना जी रोज घडतेच आणि जिच्या पाठोपाठ नवी गोष्ट करायची. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 'अमुक झालं की मी तमुक करेन' अशा नेमक्या ठरावांवर बरीच वर्षं काम केलं. २००६ मध्ये त्यांनी आणि पॅस्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा असा ठराव केलेल्यांच्या हातून काम बरंच जास्त पार पडलेलं दिसलं. 'रोज चालेन' ही इच्छा झाली. 'जेवण झाल्यावर चालेन' हाही ठराव अजून ढिला आहे, कारण जेवण नेमकं संपतं कधी? मुलगा ताटावरून उठतो तेव्हा, सासूबाई औषध घेतात तेव्हा, की नवरा हात धुतो तेव्हा? तेवढ्यात तुम्ही सोफ्यावर टेकता, समोर मालिका सुरू असते आणि दिवस तिथेच संपतो.

तुम्ही आठपर्यंत घरी येत असाल आणि जेवणं पावणेनऊ-नऊला आटपत असतील, तर तुमच्यासाठी खूण ही: ओटा पुसून झाला, फडकं पिळून वाळत टाकलं. ही घटना पाहुणे आले तरी घडते, उशीर झाला तरी घडते, रविवारीही घडते. ती उभ्याने घडते, बसायच्या आधी घडते, आणि तिचा शेवट स्पष्ट असतो. फडकं दोरीवर गेलं की स्वयंपाकघरातून थेट दाराकडे, चपला पायात आणि लिफ्ट. मध्ये हॉलमध्ये थांबायचं नाही, फोन बघायचा नाही. चपला किंवा बूट रॅकमध्ये आत ठेवू नका, दाराजवळ तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवा. बूट घालणार असाल तर मोजे त्यातच खोचून ठेवा, कारण रात्री सव्वानऊला मोजे शोधायला कपाट उघडावं लागलं की निम्म्या वेळा पाऊल मागे येतं. घरच्या कपड्यांत खाली जायला संकोच वाटत असेल तर स्वयंपाकाला लागतानाच असा कुडता घाला की ज्यात खाली जाता येईल. ओटा कोणी दुसऱ्याने पुसला तर? मग खूणच हरवते. म्हणून निदान तीन महिने ओटा तुमच्याकडेच ठेवा आणि भांडी किंवा दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणं घरातल्यांकडे द्या. ही वाटणी जरा विचित्र वाटेल, पण करून बघा.

आता किती चालायचं? पहिले दोन आठवडे सोसायटीच्या आवारात फक्त पाच मिनिटं. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात दहा, पाचव्यापासून पंधरा. आणि यात एक अट आहे जी लोक हटकून मोडतात: पहिले दोन आठवडे दहा मिनिटांच्या वर जायचं नाही, कितीही उत्साह आला तरी. गार वारा असतो, कोणी ओळखीचं भेटतं, पाय मोकळे झालेले असतात आणि तुम्ही ४० मिनिटं चालून येता. दुसऱ्या दिवशी मनात 'आजही ४०' असतं, अंगात तेवढं बळ नसतं, आणि पाच मिनिटांसाठी कशाला जायचं असं वाटून तुम्ही जातच नाही. सुरुवातीच्या दिवसांत आपण ओट्यापासून दारापर्यंतची वाट पक्की करत असतो, चालण्याचा फायदा नंतर येतोच. रविवारी उपवन तलावाला फेरफटका मारायचा असेल तर जरूर जा, तासभर फिरा. ती हौस वेगळी, तिची नोंद रोजच्या चालण्यात करू नका. त्या रात्रीही ओटा पुसला की पाच मिनिटं खाली जायचंच.

याच्या जोडीला वाईट दिवसाचं माप आजच ठरवून ठेवा. रात्री साडेनऊच्या आत घरी पोचलात तर ठरलेलं पूर्ण चालणं. साडेनऊ ते साडेदहाच्या मध्ये पोचलात तर पाच मिनिटं. साडेदहाच्या पुढे, किंवा अंगात कणकण असेल, तर खाली जाऊन गेटला हात लावून वर यायचं, बस. ताप असेल तर तेही नको. पोचायची वेळ घड्याळ सांगतं, त्यामुळे दमलेल्या डोक्याला स्वतःशी वाद घालायची वेळ येत नाही. गेटला हात लावून परत येणं बालिश वाटेल, साखरेवर त्याचा परिणाम शून्य. पण फडक्यापासून दारापर्यंतची साखळी त्या रात्रीही पुरी होते, आणि पत्रात लिहिलेल्या त्या दहाव्या दिवशी तुमच्याकडे नेमकं हेच नव्हतं. तेव्हा पर्याय दोनच होते: ४५ मिनिटं किंवा काहीच नाही.

तरीही दिवस चुकतील. चुकला की दोन गोष्टी पाळा. भरपाई करायची नाही. काल राहिलं म्हणून आज तीस मिनिटं, असं केलं की चालणं शिक्षा होऊन बसतं आणि शिक्षेपासून माणूस पळतो. आणि लागोपाठ दुसरा दिवस चुकू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी गेटपर्यंतचं माप चालेल, पण खाली उतरायचं. पत्रात तुम्ही लिहिलंत की बस अडकल्यानंतर दोन दिवस रडतखडत केलंत. ते दोन दिवस तुम्ही पाचही गोष्टी पुन्हा पूर्ण मापाने करायला गेला असाल, म्हणून ते रडतखडत झाले.

नोंद ठेवा, पण दिवसांची सलग साखळी मोजणारं अ‍ॅप नको. त्यात ३४ वा दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि ३३ दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. ते वाया गेलेले नसतात, हे वर आलंच आहे. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकत असेलच, त्याला दोऱ्याने पेन बांधा. चाललात त्या तारखेवर बरोबरची खूण करा. नाही चाललात तर चौकट रिकामी सोडू नका, कारणाचं एक अक्षर लिहा: उशीर झाला तर 'उ', पाऊस असेल तर 'प', आजारपणाला 'आ', पाहुण्यांना 'पा', नुसता कंटाळा आला तर 'क'. किती मिनिटं, किती पावलं, काही लिहू नका. महिना संपला की दोन गोष्टी बघा. एक, ३० पैकी किती खुणा आहेत. पहिल्या महिन्यात २० आल्या तर छान चाललंय. दोन, रिकामे दिवस कुठल्या वारांवर आणि कुठल्या अक्षरावर जमा झालेत. चार गुरुवारांपैकी तीन गुरुवारी 'उ' असेल तर गुरुवारी ऑफिसात असं काय असतं ते शोधा आणि त्या वाराला आधीच पाच मिनिटांचं माप लावून टाका. महिनाअखेरीच्या दोन-तीन दिवसांनाही तसंच करा. अकाउंट्सच्या माणसाला ते दिवस आधीच ठाऊक असतात. 'क' फार झाले तर बहुतेक वेळा माप मोठं झालेलं असतं. एक पायरी खाली या. सगळी अक्षरं विखुरलेली असतील तर काहीच बदलू नका.

कंटाळ्यावर आणखी एक उपाय आहे. तुम्हाला ऐकायला आवडतं असं काहीतरी, कथांचं अभिवाचन, जुनी गाणी, एखादी श्राव्य मालिका, फक्त या चालण्यापुरतं राखून ठेवा. बसमध्ये ऐकायचं नाही, भांडी लावताना ऐकायचं नाही. मग पुढचा भाग ऐकण्यासाठी तरी पाय खाली जातात. सोसायटीच्या आवारात हे ठीक आहे. रात्री सर्व्हिस रोडवर चालत असाल तर कानात काही घालू नका.

शेजारीण बरोबर येत असेल तर फार छान, चालणं सोपं होतं. फक्त भेटायचं ठिकाण गेटपाशी ठेवा आणि फोन करून 'येतेस का' विचारू नका. विचारलं की तिचा नकार आपलाही होतो. ती आली तर दोघी, नाही आली तरी तुम्ही.

चार आठवडे झाले, वीसच्या आसपास खुणा दिसल्या, की दुसरा तुकडा जोडा. तुम्ही स्टेशन ते ऑफिस रोज रिक्षाने जात असाल तर ते अंतर एकदा चालून घड्याळ लावून बघा. ते बारा-पंधरा मिनिटांचं निघालं तर संध्याकाळपासून सुरुवात करा: ऑफिसच्या गेटमधून बाहेर पाऊल पडलं की रिक्षाच्या रांगेकडे न वळता सरळ स्टेशन. सकाळी सुरुवात नको, कारण सकाळी घामाची आणि उशिराची दोन चांगली कारणं तयार असतात. संध्याकाळी रांगेतली वाट बघणं धरलं तर चालायला जाणारा जादा वेळ थोडाच असतो. ठाण्याची एखादी गाडी चुकेल, म्हणून पहिल्या आठवड्यात वेळापत्रक बघून त्यानंतरची गाडी हीच आपली, असं धरून चाला. हे रुळलं की सकाळचंही चालून बघा. १२ मिनिटं धरली तरी दोन वेळा, पाच दिवस म्हणजे १२० मिनिटं, आणि रात्रीची १५ मिनिटं सात दिवस म्हणजे १०५. एकूण २२५ मिनिटं झाली, आणि पहाटेच्या झोपेचं एकही मिनिट गेलं नाही.

तुमचे तीन महिने पावसात जाणार आहेत. जून ते सप्टेंबर आवारातून चालणं बरेच दिवस जमणार नाही, तेव्हा पहिला पाऊस पडायच्या आधीच दुसरी जागा ठरवा. स्टिल्ट पार्किंग असेल तर गाड्यांच्या मधल्या रस्त्याने, पण त्या वेळी गाड्या आत येत असतात, म्हणून एका कडेने आणि फिकट रंगाचे कपडे घालून. पोडियमवरच्या गुळगुळीत फरशीवर पाणी असताना चालू नका. तिथे चपलेने घसरून हात मोडण्याचा धोका असतो. काहीच नसेल तर आपल्याच मजल्याच्या पॅसेजमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत. लिफ्ट बंद असेल त्या दिवशीही पॅसेजच. जागा बदलली तरी खूण तीच: फडकं वाळत, चपला पायात.

मे महिन्यात गावी जाणार असाल तर तिथे ओटा तुमच्या हातात नसेल, त्यामुळे तिथली खूण निघायच्या आधी ठरवा. गावी रात्रीच्या जेवणानंतर खरकटं काढून झालं की बाया हात धुवायला मागच्या दारी जातात. तिथून आत न येता रस्त्यापर्यंत जाऊन यायचं, बॅटरी हातात घेऊन. जमलं तर जमलं. महत्त्वाचा दिवस परतीचा आहे. बॅगा उघडायच्या आहेत, घर झाडायचं आहे, तरी त्या रात्री ओटा पुसल्यावर गेटपर्यंत जाऊन या. सुट्टीनंतर 'सोमवारपासून' असं म्हटलं की तो सोमवार लांबतो. गणपतीत आणि दिवाळीतही हेच.

मुहूर्ताबद्दलही सांगायला हवं. पाडवा, १ जानेवारी, वाढदिवस अशा दिवशी सुरुवात करायला हुरूप येतो आणि तो खराच असतो. पण पाडव्याला सुट्टी असते, जेवण उशिरा होतं, पाहुणे येतात. तो तुमचा रोजचा दिवस नाही, त्या दिवशी जमलेलं मंगळवारी जमेलच असं नाही. म्हणून या खेपेला एखाद्या साध्या कामाच्या मंगळवारी सुरुवात करा. आदल्या दिवशी चार्जर हलवा, पेन बांधा, बूट दाराशी ठेवा आणि एकदा रंगीत तालीम करा: ओटा पुसा, फडकं टाका, दाराबाहेर जाऊन परत या.

नवऱ्याच्या बोलण्याचं तुम्ही मनाला लावून घेतलंय, ते पत्रातून कळतं. त्याला 'या वेळी बघच' असं काही सांगू नका. त्याच्याकडे एक नेमकं काम मागा: "ओटा पुसल्यावर मी पंधरा मिनिटं खाली असते, तेवढ्यात मुलाने काही विचारलं तर तू बघ." आणि पंधरा दिवसांच्या टोमण्याबद्दल एकदाच, शांतपणे सांगा की ते लागतं. बहुतेक माणसांना आपण चेष्टा करतोय एवढंच वाटत असतं. सासूबाईंना मात्र आवर्जून सांगा की पहाटेच्या पोळ्यांचं ओझं आता त्यांच्यावर नाही.

तपासणी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच करा. 'आधी चालणं नीट बसू दे' म्हणून ती पुढे ढकलू नका. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे या खेपेच्या आकड्यात तुम्ही चालत नव्हता ते आठवडेही मिसळलेले असतील. तो ६.१ वरून फारसा हलला नाही तर खचू नका. कॅलेंडरची पानं डॉक्टरांना दाखवा, किती दिवस खरोखर चाललात हे त्यांना आकड्याइतकंच उपयोगाचं आहे. जेवणाबद्दल आणि झोपेबद्दलही त्यांच्याशी बोला, एकट्या चालण्यावर सगळा भार टाकू नका. चालताना छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर थांबा आणि त्यांना लगेच कळवा.

चालणं अंगवळणी पडलं हे ओळखायचं कसं? फडकं दोरीवर टाकल्यावर तुम्ही 'जाऊ की नको' हा विचार न करताच दाराशी पोचलेल्या असता. एखाद्या रात्री राहिलं तर अंथरुणावर काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. असं दोन-तीन आठवडे सलग व्हायला लागलं की वाचन सुरू करायला हरकत नाही. तोपर्यंत चार्जर हॉलमध्ये रुळलेला असेल, तीच वाचनाची खूण करा: फोन चार्जिंगला लावला की पलंगावर जाऊन पुस्तक उघडायचं. पुस्तक सकाळी अंथरूण आवरतानाच उशीवर ठेवून द्या. २० पानं नकोत. दोन पानं, आणि पहिले दोन आठवडे पाचाच्या वर नाहीत. साडेदहाच्या पुढे घरी आलात तर एक परिच्छेद. सूर्यनमस्कार त्याच्याही नंतर, आणि तेही तीनपासून.